मुकीची सुट्टी

मी मुकी बोलून राहिली. हासू नका. नाव माह्यं मुकी हाये, पण तोंड हाये मले, अन् आज उघडलं तं ऐकून घ्या.

मी भिलाईच्या हुडको कॉलनीतली बॅटरीवरची लहानशी गाडी. पांढरी. पुढं दोघं बसतात, मांगं तिघं, तिसरा जाड नसन तं. माह्यात पेट्रोल नाई, धूर नाई, अन् आवाज तं नाईच नाई. पयल्या दिवशी अंजनाबाई पुढच्या सीटवर बसली अन् इचारलं, "चालू झाली काय?" तवा आमी गल्लीच्या मोडावर पोचलो होतो. मंग म्हणे, "अगं माय, हे तं मुकी हाये." तवापासून तेच नाव.

याच्या आंधी मी रायपुरात एका डॉक्टरकडं होती. त्यानं मले दोन वर्षं चालवलं अन् मोठी गाडी घेतली. माणसाचं असंच असते, लहान गाडीत बसून मोठ्या गाडीकडं पाहते. मंग गौरवनं मले घेतलं. गौरव म्हणजे अंजनाबाईचा पोरगा, हैदराबादले नोकरी करते. मायचे गुडघे गेले, स्टेशनचा पूल चढता येत नाई, उंच जीपमधी पाय टाकता येत नाई. माह्या दारातून मात्र ते आरामात आत येते. माह्या जल्माचं काम तेच होतं, बाईले न्यायचं अन् आणायचं.

चालवे शामराव. अंजनाबाईचा मालक. जिंदगीभर कारखान्यात क्रेन चालवली, आता रिटायर. क्रेनवाला माणूस, म्हणून मले बी असा चालवे जसं का माह्या खाली तापलं लोखंड लटकून हाये. माह्यात पिकअप असा का सिग्नल हिरवा झाला तं सुपेल्याच्या चौकातल्या समद्या फटफट्या मांगं राहतीन. पण शामराव कायचा. चाळीसच्या वर काटा गेला का त्याले घाम येये.

जेवण माह्यं वऱ्हांड्यात. तिथं एकच मोठा पिलग. उन्हाळ्यात त्याच्यावर कूलर लागे, म्हणून दिवसा कूलर अन् झोपाच्या वक्ती मी. रातभर पिऊन पिऊन सकाळी माह्यं पोट भरे. पूर्ण आठ घंटे. अंजनाबाई म्हणे, "मी तं आठ मिनटात जेवतो, अन् हिचं पाहा, नवरीसारखं चालते."

आता माह्या खोडीबद्दल सांगतो. कंपनीच्या कागदावर लिवलं होतं, अडीचशे किलोमीटर. तो कागद शामरावनं पिशवीत जपून ठेवला. खरं सांगू तं हुडकोत आली तवा भरल्या पोटी माह्यं एकशे पन्नास होतं. पण माह्या तोंडावर जो आकडा दिसते, तो मी अंदाजानं दाखवतो. काल हळू चालवलं असन तं आज जास्त दाखवतो. एसी लावला का वीस गिळून टाकतो. मले मजा येये.

एकदा पावर हाउसच्या बजारातून आलो, भल्ली गर्दी होती, शामराव मुंगीसारखा चालला, तं मी घरी येता येता दोन किलोमीटर वाढवून दाखवले.

"अवो गौरवची माय, पाह्यलं का? हे तं चालून चालून वाढली."

"तुमचं पोट बी असंच वाढून राहिलं. चालून चालून."

असे आमचे दिवस होते. आता समदं आठवलं का माह्या काचेवर भाफ येते.

अंजनाबाईची मोठी बहीण भागीरथा डोंगरगडले राहे. तिचा मालक रेल्वेत होता, तिथंच घर बांधलं. माय लवकर मेली, म्हणून अंजनाबाईले भागीरथानंच वाढवलं, डोस्कं धुवून देण्यापासून. रोज चार वाजता दोघी फोनवर बोलत. काय बोलत, कोणाले मालूम. भाजीच बोलत. मंग भागीरथाले लकवा मारला अन् तिचं तोंड गेलं. डोळे होते, एक हात होता, बोलणं नाई. चार वाजता फोन लावून काय करणार?

म्हणून दर पंधरा दिवसाले मी डोंगरगडले जाये. हुडकोतून अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. तिथं भागीरथाची सून नीतू खिडकीतून वायर टाके, मी पिऊ, अन् संध्याकाळी परत. आत दोघी बहिणी हात धरून बसत. अंजनाबाई हासून सांगे, "माह्या नशिबात दोन मुक्या हायेत. एक आणते, एक बोलावते."

मंग सप्टेंबर आला. अन् विश्वकर्मा पूजा.

भिलाईत हा सण कसा असते, बाहेरच्याले सांगून समजत नाई. कारखान्यात त्या दिवशी मशीनले हार, मशीनले टिका, मशीनले बुंदी. ज्या माणसानं कधी बायकोले फूल दिलं नसन, तो क्रेनच्या हुकाले झेंडूचा हार घाले. अन् एक गोष्ट पक्की. ज्या यंत्राची पूजा केली, त्याले त्या दिवशी सुट्टी. बटन दाबायचं नाई.

शामरावनं मले धुतलं, पुसलं. बोनटवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, चारही चाकाजवळ नारळाचं पाणी शिंपलं. आदल्या दिवशी रायपूर फिरून आलो होतो अन् रातभर लाइट नवती, माह्या पोटात बत्तीस टक्केच उरले होते. आरती झाली अन् त्यानं वऱ्हांड्यातलं बटन खट करून बंद केलं.

अंजनाबाई पायरीवर बसली होती. म्हणे, "चार्जिंगले नाई लावत काय? ताईचा काई भरोसा नाई. नीतू म्हणे कालपासून पाणी बी गिळत नाई."

"आज यंत्राले सुट्टी."

"मुकी का कारखान्याची हाये?"

"चाळीस वर्षं या दिवशी मी बटनाले हात लावला नाई. म्हणून एक बोट बी कटलं नाई माह्यं. पाह्य, दहाचे दहा हायेत. उद्या सकाळी लावतो."

त्यानं दहाही बोटं तिच्यापुढं नाचवले. बाई हासली. अन् मी? मी बी खुश. मले सुट्टी कोण देते? दिवसभर कुंकू लावून ऐटीत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाले नीतूचा फोन आला. "मावशी, लवकर या. आईचा श्वास वर लागला."

टॅक्सीवाला म्हणे एका घंट्यानं येतो. शामराव म्हणे, एका घंट्यात तं आपण राजनांदगाव पोचतो, तिथं ढाब्यावर चार्जिंगची मशीन हाये, थोडीशी भरून घेऊ. अंजनाबाईनं काल केलेल्या आंबिलीचा डबा घेतला. भागीरथाले आंबील आवडे. गिळत नाई तं ओठाले तरी लावू, म्हणे.

शामरावनं बटन दाबलं तं माह्या तोंडावर आकडा आला, अठ्ठावन्न.

तो आकडा माह्या खोडीचा होता. पूजेच्या आदल्या दिवशी रायपूरहून तो हळूहळू आला होता, म्हणून मी वाढवून दाखवला. खरे पन्नास बी नवते. मले त्या वक्ती आवरता आलं असतं तं आवरलं असतं. पण आदत पडली का आकडा आपोआप निंघते.

दुर्गच्या पुढं मोठा रस्ता लागला. शामरावनं जिंदगीत पयल्यांदा काटा ऐंशीवर नेला, अन् माह्यं पोट खड्ड्यात पाणी जिरावं तसं जिरू लागलं. शिवनाथ नदीच्या पुलावर पोचलो तवा मी सत्तावीस दाखवले.

"अठ्ठावन्न होते नं?" अंजनाबाई म्हणे.

शामरावनं एसी बंद केला, काचा वर ठेवल्या, काटा चाळीसवर आणला. मांगचे ट्रक हॉर्नवर हॉर्न. उतार आला का तो पाय काढून घेये, कारण उतारावर थोडं थोडं पोटात परत येते. अंजनाबाईनं पदरानं त्याचा घाम पुसला, मंग आपला पुसला. डबा मांडीवरून खाली ठेवला नाई.

राजनांदगावच्या ढाब्यावर पोचली तवा माह्यात चार टक्के होते. मशीन एकच. ते फोनवर चाले, अन् शामरावचा फोन बटनाचा. हैदराबादले गौरवले लावला. एकदा लावला, दोनदा लावला, तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"बाबा, नंबर बताओ मशीनका. ऊपर लिखा होगा. हां. अब वायर लगाओ. रात को लगाई नहीं थी क्या?"

"पूजा होती रे."

तिकडून पोरग्यानं मशीन चालू केली.

मी पेत होती. खरं सांगतो, जल्मात तशी पेली नाई. पण लहान गाडीचा गळा लहान असते. मशीन किती बी जोरात देवो, मले जेवढं गिळवते तेवढंच गिळवते. सात, अकरा, अठरा. शामराव माह्या तोंडापुढं उभा राहून आकडे वाचे. सव्वीस. पस्तीस. "बस, पन्नास झाले का निंघू. मंग मधात थांबाचं काम नाई."

"चाळीसवरच चाला न."

"रस्त्यात बंद पडली तं?"

सकाळच्या आकड्यानं त्याले असं भेववलं होतं का आता तो खऱ्या आकड्यालेही भेत होता.

चव्वेचाळीस झाले अन् नीतूचा फोन आला. अंजनाबाईनं उचलला. फक्त ऐकलं. "हो बाई" म्हणलं, अन् फोन पिशवीत ठेवला. शामराव माह्याकडंच पाहत राहिला. बायकोकडं पाहायची त्याची हिंमत नवती. मंग एकदम वाकला अन् वायर काढाले हात घातला.

"राहू द्या," अंजनाबाई म्हणे. "पूर्ण भरू द्या तिले. आता कायची घाई हाये."

मी पूर्ण भरली. ढाब्यावाल्यानं दोन चहा आणून ठेवले, त्याच्यावर साय आली.

डोंगरगडले मले दाराजवळ जागा भेटली नाई, लोक जमले होते. मी लिंबाच्या झाडाखाली उभी. तिथून मले एवढंच ऐकू आलं, नीतू अंजनाबाईच्या गळ्यात पडून बोलून राहिली होती.

"मावशी, सकाळपासून आई दाराकडंच पाहे. गल्लीत हॉर्न वाजला का डोळे उघडे. मी म्हणलं, आई, मावशीची गाडी आवाज नाई करत. ते बिना आवाजाची येते. तं मंग हॉर्न नसला तरी घडीघडीले डोळे उघडे."

माह्या मुकेपणाचं लोकाले भल्लं कौतुक. रस्त्यावर पोट्टे कान लावून पाहतात. त्या दिवशी मले वाटलं, माह्या पोटात एखादं जुनं खटारा इंजिन असतं तं बरं झालं असतं. दुरून तरी तिले समजलं असतं, कोणी येऊन नाई राहिलं म्हणून.

आंबिलीचा डबा परत आला. आंबून गेली होती. येताना अंजनाबाई पुढं बसली नाई, मांगच्या सीटवर बसली. घरी उतरली अन् मंग कधी बसलीच नाई.

भांडली नाई हो. भांडली असती तं शामराव सुटला असता.

त्यानं काय केलं, ते सांगतो. वऱ्हांड्यातलं बटन चालू केलं अन् त्याच्यावर लाल टेप चिकटवली, कोणी बंद करू नये म्हणून. तवापासून दोन वर्षं मी त्या पिलगले बांधून हावो. कुठी जाणं नाई, येणं नाई, अन् रोज शंभर टक्के. दोन उन्हाळे कूलर लागला नाई. पिलग एकच ना. मे महिन्यात शामराव ओला गमछा छातीवर टाकून पडून राहे अन् अंजनाबाई भिंतीकडं तोंड करून हातपंखा हालवे. एक दिवस बी दोघातलं कोणी म्हणलं नाई का घडीभर कूलर लावू.

गौरव फोनवर सांगते, "बाबा, सौ पे मत रखो, बैटरी फुंक जाएगी. अस्सी बहुत है." शामराव "हो हो" म्हणते. ठेवते शंभरच.

पोरगा खरं बोलते. आमचं माणसासारखं हाये, गच्च पोटानं उन्हात बसून राहिलं का आतून सडतो आमी. भरल्या पोटी माह्यं एकशे पन्नास होतं. मंग एकशे वीस झालं, मंग शंभर. टायर जिमिनीले चिकटले. वायपरखाली सरड्यानं घर केलं, त्याचं अन् माह्यं आता बरं जमते.

मांगच्या साली विश्वकर्मा पूजा झालीच नाई. यंदा शामराव सकाळपासून आत बसून होता. दुपारी अंजनाबाई आली. एका हातात थाळी, एका हातानं भिंत. पायरी उतराले तिले पाच मिनटं लागले. माह्या बोनटवरची धूळ पदरानं पुसली अन् कुंकू लावलं. जुना साथिया जिथं होता, तिथंच. मंग वऱ्हांड्यात गेली अन् नखानं ती लाल टेप खरवडू लागली. दोन वर्षाची टेप, निंघे ना. शामराव दारात येऊन उभा राहिला.

शेवटी टेप निंघाली. तिनं बटन बंद केलं. खट.

"आज यंत्राले सुट्टी," म्हणे.

"अन् काई काम पडलं तं?"

"आता मले कोणाकडं जाणं हाये?"

ती थाळी घेऊन आत गेली. थोड्या वेळानं शामरावनं कूलर ओढून आणला, माह्या पिलगवर लावला. आतून त्याची घरघर येऊन राहिली हाये. मले वाटते दोघं झोपले असतीन.

मी मात्र जागी हावो. एक अर्ज हाये माहा, कोणी त्याइच्या कानावर घालजा. मी आता खोडी करत नाई, जेवढं हाये तेवढंच दाखवतो. भरल्या पोटी अठ्ठ्याऐंशी. डोंगरगड अठ्ठ्याहत्तर. दहा उरतात. पुढच्या साली उरणार नाई. नीतू खिडकीतून वायर टाकीन, तिनं दोनदा फोन करून म्हणलं, मावशी, आईची खाट मी अजून हालवली नाई. बाईले बसायचं नसन पुढं तं मांगं बसवा. अन् गल्लीत शिरलो का शामरावले सांगजा, हॉर्न वाजव म्हणा. पयलेपासून वाजव.