कोणासही कळविले नाही

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात नागपूरहून मुंबईला निघालेलं सात माणसांचं विमान वाटेत हरवलं. त्या दुपारी अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी मनकर्णा गवत कापत होती. विमान तिच्या डोक्यावरून इतकं खालून गेलं की तिनं विळा टाकून कान झाकले. ते ढगात शिरलं, डोंगराकडून दणका आला आणि मग सगळं चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी बातमी कळताच ती नवऱ्याला, देवरावला घेऊन अकोटच्या कचेरीत गेली. नायब तहसीलदारानं गाव विचारलं, मग वस्ती विचारली. बौद्धांची वस्ती म्हटल्यावर त्यानं लेखणी खाली ठेवली.

"साहेब, म्या माह्या डोयानं पाह्यलं. डोंगरात पडलं थे."

"पंजाबराव पाटलांनी बार्शीटाकळीकडे आवाज ऐकलाय. एवढा मोठा माणूस खोटं बोलेल?"

"मंग मी काहून खोटं बोलू? मले काय भेटते त्यात?"

"वीज पडली असेल. चल, निघ."

देवरावनं हात जोडले. "चार माणसं तं द्या साहेब. हे वाट दाखवते." शिपायानं दोघांनाही ओसरीबाहेर काढलं.

पोलिसांच्या गाड्या अकोल्याच्या पार पलीकडे, बार्शीटाकळीची शेतं तुडवत राहिल्या. मनकर्णा आणखी दोनदा कचेरीत गेली. शेवटी देवराव वस्तीतली तिघं घेऊन स्वतःच डोंगराकडे निघाला, तर नाक्यावर जंगलखात्याच्या माणसानं अडवलं. लाकडं चोरायला निघालात म्हणाला आणि कुऱ्हाडी ठेवून घेतल्या.

नवव्या दिवशी गुराख्यांना विमान सापडलं, तिनं सांगितलं होतं त्याच डोंगरात. सहा जण जागीच गेले होते. सातवा, रामराव नावाचा नागपूरचा माणूस, दोनशे पावलांवर नाल्याकाठी पडला होता. मोडलेला पाय त्यानं सदऱ्यानं बांधला होता. डॉक्टर म्हणाले, हा निदान पाच दिवस जिवंत होता.

पुढच्या आठवड्यात कारकून कागद घेऊन मनकर्णाच्या दारात आला. "अंगठा दे."

"वाचा आधी."

त्यानं भराभर वाचलं, "...आवाज ऐकला, परंतु तो विमानाचा असावा असे न वाटल्याने कोणासही कळविले नाही."

"कोणासही?" मनकर्णाचा आवाज चढला. "तीन खेपा घातल्या म्या! तुम्हीच तं बसले होते थ्या टेबलावर! मले हाकललं, अन् आता मलेच खोटं पाडता?"

"साहेबांची नोकरी जाईल, बाई."

"अन् थ्या माणसाचा जीव गेला थो?" तिनं शाईची डबी उचलून अंगणात भिरकावली. कारकून सरकारी कामात अडथळा वगैरे बडबडत निघून गेला.

रामरावची बायको सुभद्रा अकोटच्या धर्मशाळेत उतरली होती. विमान पडताना कोणीच पाहिलं नाही, असं तिला कचेरीनं सांगितलं होतं. मनकर्णानं तिथं जाऊन सगळं सांगितलं. सुभद्रा आधी तिच्यावरच धावून गेली. "पाच दिवस! आणि तू आता सांगतेस?"

मनकर्णानं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "चाल माह्यासंग. त्याईच्या तोंडावर सांगतो."

दोघी कचेरीत गेल्या. सुभद्रानं स्वतःच्या हातानं जबाब लिहिला, मनकर्णानं अंगठा उठवला. नायब तहसीलदार कागद घेईना, तेव्हा सुभद्रानं त्याच्या टेबलावर मूठ आपटली. "माझा नवरा तुमची वाट बघत मेला! घ्या तो कागद!" बाहेर माणसं जमली. त्यानं कागद घेतला आणि पोच दिली.

चौकशीचा निकाल सहा महिन्यांनी आला. त्यात तो जबाब नव्हताच. अपघाताचं ठिकाण दुर्गम होतं, हवामान खराब होतं, एवढंच होतं. नायब तहसीलदार बढती घेऊन अमरावतीला गेला.

देवरावनं ही बातमी आणली तेव्हा मनकर्णा भाकरी थापत होती. हातातला गोळा तिनं परातीत आपटला. देवराव तिला शांत हो म्हणाला नाही. तोही चुलीपाशी बसून राहिला, आणि त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.