सरकणारी पट्टी

मास्तरांनी नाटकासाठी चाकांवर अख्खं घर उभं केलं होतं. भिंत, खिडकी, दार, सगळं. रंगमंचावर अंधार झाला की ते एकट्याने विंगेतून ढकलत आणायचं, मनात पावलं मोजत, आणि जमिनीवरच्या, अंधारात न दिसणाऱ्या पांढऱ्या पट्टीवर थांबवायचं. मग दिवा लागायचा तो नेमका विंगेकडच्या कडेला असलेल्या दारावर. दुसऱ्या कुणाला ते त्या घराला हात लावू द्यायचे नाहीत.

पण हल्ली ती पट्टीच जागा सोडत होती. दर प्रयोगाला थोडी थोडी विंगेकडे. फरक हातभर झाला तेव्हा मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. हे काम जावयाचंच.

जावई त्यांच्याच हाताखाली होता. कधी उलटून बोलला नाही, म्हणजे पोटात काहीतरी असणारच. न सांगता चाकांना तेल काय घालायचा, दिवेवाल्याशी काय कुजबुजायचा, आणि मास्तर दिसले की दोघं चिडीचूप. त्यात परवा लेक म्हणाली, "बाबा, आता खुर्चीत बसून बघा की नाटक." मास्तरांनी ताडलं. भर प्रयोगात फजिती करायची आणि म्हाताऱ्याचा पत्ता कापायचा.

दुपारी ते पडद्याआड दबा धरून बसले. जावई आला, पट्टी उचकटून अलीकडे चिकटवू लागला.

"माझ्या मुळावर का उठलायस रे?"

जावई दचकला. मग खालीच बघत म्हणाला, "मामा, काल घर इथंच थांबलं होतं."

"मी पावलं मोजून आणतो."

"पावलं तेवढीच पडतात. आखूड झालीत. घर थांबतं तिथं मी पट्टी आणतो, दिवेवाला दिवा वळवून घेतो. तेलानं ओझं हलकं होईल वाटलं, पण..."

मास्तरांना आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पट्टी काढून जुन्या जागी चिकटवली. "संध्याकाळी तूही खांदा लाव," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी दोघांनी घर बरोबर पट्टीवर नेलं. दिवेवाल्याला सांगायचं मात्र दोघंही विसरले. दिवा लागला तो हातभर अलीकडे, थेट त्यांच्यावर. उजेडात सापडलं तर हलायचं नाही, हा मास्तरांचाच नियम. भरल्या नाट्यगृहाला धापा टाकणारा म्हातारा दिसला, आणि त्याच्या पाठीशी जावयाचा हात.

"बरोबर आलंय का रे?" मास्तरांनी ओठ न हलवता विचारलं.

"अगदी पट्टीवर, मामा."