टिचकीने निवडलेला ट्रान्झिस्टर

डोळे मिटा बरं. समजा, तुमची आई दूर समुद्रातल्या एका बेटावर हवामान मोजायच्या कामाला गेली आहे. तिथे फोन लागत नाही. रविवारी संध्याकाळी वायरलेसवर तेवढा तिचा आवाज येतो. तुमचं सांगून होतं, "अगं, ऐक, मी..." असं ती म्हणते, आणि तोच घरची बॅटरी मान टाकते. उरलेलं वाक्य आठवडाभर तुम्हीच मनात जुळवत बसायचं.

टिचकीचं तसंच चाललं होतं. ती मावशीकडे राहायची. मावशी रेडिओ दुरुस्त करायची, पण हा वायरलेस सेट टिचकीने स्वतः जोडला होता. बोलायचं बटण दाबलं की बॅटरीची वाट मोकळी करणारा ट्रान्झिस्टरही तिनेच निवडलेला, सहाशे व्होल्ट सोसणारा. मावशीच्या डब्यात साठ व्होल्टचाही होता. पण आईच्या बाबतीत कुचराई नको, म्हणून तिने मोठा उचलला.

एका रविवारी बॅटरी बसल्यावर मावशीने तिला ट्रान्झिस्टरला बोट लावून बघायला सांगितलं. चांगलाच चटका बसला.

"हा कुणाच्या जिवावर तापतोय?"

"बॅटरीच्या?"

"मग! आपली बॅटरी बारा व्होल्टची, आणि तू आणलास सहाशेचा पहिलवान. मुंगी मारायला तोफ कशाला गं?"

जास्त व्होल्ट अडवायचे तर आतली भिंत जाड लागते, मावशीने समजावलं, आणि जाड भिंतीतून जाता जाता वीज दमते. साठवाल्याची भिंत पातळ. बारा व्होल्टांना तो भरपूर पुरतो.

टिचकीने मोठा काढला आणि साठवाला कथलाचा डाग देऊन बसवला.

पुढच्या रविवारी आईचं वाक्य पुरं झालं. "अगं, ऐक, मी इतक्यात येत नाही. माझ्या जागी यायचा माणूसच आला नाही अजून."

टिचकी बरं म्हणाली. तिने ट्रान्झिस्टर चाचपला, नुसता कोमट होता. बॅटरी पुष्कळ उरली होती आणि दोघींपाशी बोलायला काही नव्हतं. घाईघाईने बोलायचीच सवय झालेली. शेवटी आईने विचारलं, घरात आत्ता काय चाललंय?

टिचकीने बटण दाबून धरलं, वायर पुरेल तिथवर माइक स्वयंपाकघराच्या दाराशी नेला, आणि मावशीच्या भांड्यांचा आवाज आईला ऐकवत उभी राहिली.