बाबांच्या कोटावर विसरलेला माइक

मी कॉलरला चिमट्यानं लटकणारा माइक बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आयुष्यभर नुसतं ऐकतच आलोय. आज पहिल्यांदा तोंड उघडलंय. दिसायला मी वाटाण्याएवढा. माझ्या वायरचं शेपूट खिशातल्या एका डबीत जातं आणि ऐकलेलं सगळं त्या डबीत साठतं.

माझा मालक लग्नाचं शूटिंग करायचा. कॅमेरा रोज पुसायचा, मला मात्र चार्जरच्या गुंत्यात कोंबायचा. लग्नाच्या फिल्ममध्ये माणसांचं बोलणं कुणाला हवं असतं? सगळ्यांना गाणी हवी असतात.

ज्या लग्नाची ही गोष्ट, त्यातल्या नवऱ्या मुलीनंही काम ठरवतानाच बजावलं होतं, "दादा, सगळीकडे गाणीच टाका. आमचे बाबा कॅमेरा दिसला की सुटतात, मग आवरता आवरत नाहीत."

"आशीर्वादाचे दोन शब्द तरी घेऊ," मालक म्हणाला. म्हणून लग्नाच्या दिवशी मी बाबांच्या कोटावर जाऊन बसलो. घरात बापलेक दोघंच. आई तिच्या लहानपणीच गेलेली. आणि गंमत बघा, ऐन वेळी त्या बडबड्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. "सुखी राहा गं," एवढंच म्हणाले आणि नाक पुसत निघून गेले. पुढच्या धावपळीत मालक मला साफ विसरला. मुलगी तिच्या नव्या घरी गेली, हॉलमधल्या खुर्च्या उचलल्या गेल्या आणि मी कोटाबरोबर बाबांच्या घरी पोचलो.

कुलूप उघडलं. बाबांनी बूट काढले, आणि स्वयंपाकघरातून सवयीनं लेकीला हाक मारली, "ठमे, चहा टाकू?"

घरात कुणीच नव्हतं. बाबा थांबले. ती उत्तर द्यायला जेवढा वेळ घेत असेल, बरोब्बर तेवढेच थांबले. मग म्हणाले, "बरं, साखर कमी." पुन्हा थांबले. "घेतो गं बाई गोळी, डोकं नको खाऊस." आणि हसले. मी त्यांच्या छातीवरच होतो. मला त्या हसण्याची भीती वाटली.

मग कोट कपाटात गेला आणि कोटाबरोबर मीही. डबीची बॅटरी संपली, पण म्हणून माझे कान थोडेच मिटले! दाराच्या फटीतून रोज संध्याकाळी तीच हाक यायची. एके दिवशी घरात बरीच माणसं आली, हळू आवाजात बोलली आणि कुलूप लावून गेली. बाबा राहिले नव्हते. त्या संध्याकाळी बंद घरात कप ठेवल्याचा आवाज आला.

"ठमे, चहा टाकू?"

मी खोटं कशाला सांगू? मला ऐकू आलं. त्यानंतर रोज आलं.

पुढे मुलगी कपाट आवरायला आली तेव्हा मी तिच्या हाताला लागलो. ती मला घेऊन मालकाच्या स्टुडिओत गेली.

"दादा, तुमची वस्तू बाबांच्या कोटाला राहिली होती," ती म्हणाली. पण उठेना. "फिल्ममध्ये बाबांचे ओठ हलतात आणि गाणं वाजतं. मीच सांगितलं होतं तसं. त्यांचा आवाज कुठंच नाही हो माझ्याकडे. मूळचं शूटिंग असेल ना? काहीही चालेल. मला ओरडलेलं असलं तरी चालेल."

मालकाचा चेहरा पडला. "फिल्म दिली की आम्ही ते पुसून टाकतो, ताई." मग त्याचं लक्ष माझ्या डबीकडे गेलं.

त्यानं डबी चार्ज केली आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. 'सुखी राहा गं' ऐकून ती रडली. पण 'ठमे' ऐकलं आणि तिचं रडणंच थांबलं. तिनं परत लावायला सांगितलं, आणि परत.

मालकानंही ऐकलं. "मधेमधे नुसती शांतता आहे," तो म्हणाला. "ती कापून देऊ का? सलग ऐकता येईल."

"नको," ती म्हणाली. "तिथे मी बोलते."

मालकानं मला तिलाच देऊन टाकलं. आता मी तिच्या घरी आहे, त्याच कोटावर. लग्नात गाणी लावा, खुशाल लावा. पण एखाद्या बडबड्या माणसाच्या कोटावरून मला उतरवायची घाई करू नका, एवढीच विनंती.

रोज संध्याकाळी ती बाबांचा आवाज लावते आणि मधल्या शांततेत उत्तरं देते. काल तिला कामातून सवड झाली नव्हती. तिनं काहीच लावलं नव्हतं. तरी नेहमीच्या वेळी हाक आली. मला वाटलं, मलाच ऐकू आली.

आतल्या खोलीतून ती म्हणाली, "टाका बाबा, आलेच."