न दुखणाऱ्या दातातला मी

मित्रांनो, या चांदीच्या करंड्यात पूर्वी कुंकू असायचं. आता मी असतो. उदबत्तीच्या काडीएवढा जाड, बोटाच्या नखाएवढा लांब, पांढुरका. मला फायबर पोस्ट म्हणतात. नऊ वर्षं मी शालिनीताईंच्या पुढच्या दातात राहिलो, पण आरशात पाहूनही त्यांना मी कधी दिसलो नाही.

केसाहून बारीक असे काचेचे हजारो तंतू ताणून, एकमेकांना चिकटवून मला घडवलं. तेव्हा मला कुठं ठाऊक होतं की माझ्या नशिबी गाणं आहे!

शालिनीताईंचं घर ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत. एकदा जिन्यावर पाय घसरला, दाताचा तुकडा उडाला आणि आतली नस मेली. पाटणकर बाजारातल्या डॉक्टर सीमंतिनींनी ती नस काढली, पोकळी स्वच्छ केली आणि मला मुळात बसवलं. निळा उजेड पडला, माझ्याभोवतीचा लेप घट्ट झाला. वर दातासारखी टोपी चढली.

"मावशी, धातूचा खिळा ताठ असतो, जोर पडला की मूळच चिरतं कधी कधी. हा दाताबरोबर जरासा लवतो. पुष्कळ वर्षं टिकेल. पण या दातानं तिळाची कडक गजक तोडायची नाही."

"गजक सोडू? मग ग्वाल्हेरच सोडते की!"

"आणि दोरा तर मुळीच तोडायचा नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या. या दातात आता नस नाही. कीड लागली तरी तो दुखणार नाही, काही सांगणार नाही."

पहिली दोन वर्षं ताई नेमानं गेल्या. ते दिवस माझ्या सुखाचे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत लग्न निघालं की घाणा भरायला ताईंना बोलावणं यायचं. सवाष्णी मुसळाला हात लावून हळद कुटायच्या आणि ताई ओवी घालायच्या:

सोन्याच्या मुसळाला सया बांधिती फूल,
सासरी जाते सोनी, सावकाश टाक पाऊल.

ओवीतला एकेक 'स' माझ्या दाताला टेकून बाहेर पडायचा, लखलखीत. बायका म्हणायच्या, "शालिनीताई नाहीत तर घाणा कसला!"

मग ताईंचे यजमान, भालचंद्रराव, गेले. करंडा रिकामा झाला. पुढच्या लग्नात कुणीतरी हलकेच म्हटलं, "ताई, तुम्ही नुसतं गा हं." त्या दिवसापासून मुसळ त्यांच्या हातातून सुटलं. ओवी तेवढी राहिली.

डॉक्टरांकडे जाणंही सुटलं. लेक प्रांजली म्हणायची, "आई, चेक करवून घे ना."

"दुखत नाही ना गं, मग कशाला?"

पण टोपीच्या काठाखाली कीड शिरली होती. मला कळत होतं. माझ्याभोवतीची भिंत रोज थोडी मऊ होत होती. मी कुणाला हाक मारणार? ज्या वाटेनं हाक जायची, ती नस तर कधीच काढली होती.

यंदा प्रांजलीचंच लग्न ठरलं. तिनं एकदा आईजवळ बसून विचारलं, "माझ्या घाण्यालाही तू मुसळाला हात लावणार नाहीस? तुला वाईट नाही वाटत?"

"छे गं, कुठं काय दुखतंय! माझी ओवी आहे ना. लग्न निपटू दे, मग दातसुद्धा दाखवते."

घाण्याच्या सकाळी ताई लेकीच्या मुंडावळ्या ओवत होत्या. शेवटचा मोती ओवला, गाठ मारली. कात्री हाताशीच होती. पण सवयीनं त्यांनी दोरा दातात धरला आणि हिसका दिला. टोपीसकट मी त्यांच्या तळहातावर पडलो.

बाहेरून हाक आली, "काकू, चला, घाणा मांडलाय!"

तोंडाला पदर लावून ताई गायला बसल्या. "सोन्याच्या..." पहिल्याच अक्षराला दातातून वारा सुटला. "सया..." पुन्हा शीळ.

"अगं बाई, काकू तर सीटी वाजवतायत!" पुतणसून नीलम हसली. तिच्या मनात काही नव्हतं. सगळ्याच हसल्या. ताईही हसल्या, आणि ओवी तिथंच थांबली.

"रहने दो काकू, मी मोबाइलवर लावते." नीलमनं कसलंसं गाणं लावलं. मुसळ त्या तालावर पडू लागलं. प्रांजली आईकडे बघत राहिली. ताईंच्या मुठीत मी होतो. ती मूठ शेवटपर्यंत उघडली नाही.

लग्नानंतर डॉक्टर सीमंतिनींनी मला उजेडात धरलं. "पोस्ट अख्खा आहे, मावशी. पण मुळाला धरायला काही उरलं नाही. दात काढावा लागेल."

मी टिकलो, मित्रांनो. हेच माझं दुःख.

ताईंनी मला पुसून या करंड्यात ठेवलं. त्यांच्या तोंडात माझ्या जागी आता काढता-घालता येणारा दात आहे. परवा प्रांजलीचा फोन आला होता. "आई, ती ओवी म्हण ना. माझ्या घाण्याची राहिलीय."

ताईंनी नव्या दातावरून जीभ फिरवली. "नव्या दाताची सवय होऊ दे गं," म्हणाल्या.

"आई, खरं सांग. त्या दिवशी फार लागलं ना तुला?"

ताईंनी करंड्याचं झाकण उघडून मला एकदा पाहिलं. मग अगदी हळू, शीळ घालणाऱ्या 'स'सकट ताई म्हणाल्या, "सोने, फार."

मित्रांनो, दात दुखत नसला तरी दाखवायला जा. आणि घरात कुणी नेहमीच "कुठं काय दुखतंय" म्हणत असेल, तर त्यांना एकदा पुन्हा विचारा. मला तर विचारणारं कुणी नव्हतं, आणि मला सांगताही येत नव्हतं.