जांभईची चाचणी

मेल्यावर तरी माणसाची शाळेतून सुटका व्हावी की नाही? आमच्या दादाची झाली नाही. आईने होऊ दिली नाही.

सुट्टीत तो सायकलवरून डोक्यावर आपटला. डॉक्टरांनी मान हलवली, आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो, आणि रडण्याला नुकता कुठे सूर लागतोय तोच तो चादर बाजूला सारून उठला आणि म्हणाला, "काही खायला आहे का?" तेव्हापासून तो कच्ची अंडी टरफलासकट खातो, झोपत नाही, आणि हात लावला तर फरशीसारखा गार लागतो. थोडक्यात, झॉम्बी. बाकी होता तसाच आहे: आळशी, गोडबोल्या आणि माझा कंपास न विचारता पळवणारा. नववीत गटांगळी खाल्ल्यामुळे तो माझ्याच वर्गात आहे, आणि माझं नशीब थोर म्हणून माझ्याच बाकावर.

झॉम्बी सापडला की गाडी येते आणि त्याला गावाबाहेरच्या वसाहतीत नेऊन टाकते. उंच भिंत, एकच फाटक. तिथून कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही. म्हणून घरात आमची अळीमिळी गुपचिळी होती. वर्गात कुणाला कळू नये याची जबाबदारी माझ्यावर. त्याचं करंगळीचं नख पडलं की उचला, कान सैल झाला की त्याच्यावर केस ओढा. माझा अभ्यास गेला खड्ड्यात.

अशात एके दिवशी फळ्यावर सूचना लागली. उद्या आरोग्य खात्याच्या बाई येणार, प्रत्येक वर्गाची जांभईची चाचणी घेणार. चाचणी साधी असते. जिवंत माणसाला दुसऱ्याची जांभई पाहून जांभई येतेच, कितीही दाबा. मेलेल्यापुढे दिवसभर जांभया दिल्या तरी तो ढिम्म. आणि वर्गाला जांभया आणायच्या, तर आमच्या शाळेत वेगळी सोय करावी लागत नाही. इतिहासाचे सर आहेत. त्यांना आम्ही गुंगीसर म्हणतो. त्यांच्या तासाला खिडकीतली मांजरही आडवी होते.

घरी आल्या आल्या सराव सुरू झाला.

"हं, उघड तोंड," आई म्हणाली. "मोठ्ठं."

दादाने उघडलं. कट् असा आवाज झाला आणि त्याचा खालचा जबडा आईच्या ओंजळीत आला. आई किंचाळली नाही. आता ती अशा गोष्टींना किंचाळत नाही. तिने तो पदराने पुसला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांनी जबडा उजेडात धरून पाहिला, सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले आणि अंगठ्याने दाबून बसवला.

"बोलण्याएवढा चालेल," बाबा म्हणाले. "जांभईचा ताण नाही सोसायचा."

"मग तोंडावर हात धरायचा," मी म्हणाले. "आत काय चाललंय ते कोण बघतंय? चांगल्या घरातली मुलं तसंच करतात."

"तू कधी धरलास?" दादाने विचारलं. मी त्याला उशी फेकून मारली. नंतर एकटी असताना मला एकदम रडू आलं. तो शेजारी नसेल तर कंपास जागेवर राहील, हे खरं. पण मग भांडायचं कुणाशी?

दुसऱ्या दिवशी अधिकारीबाई आल्या. कडक इस्त्री, गळ्यात शिट्टी, हातात पेन्सिल. फळ्याशेजारी उभ्या राहून त्यांनी आधी एकच गोष्ट सांगितली.

"दोन्ही हात बाकावर. तोंडावर हात नेलेला चालणार नाही."

आमची युक्ती तिथेच संपली. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसला, जणू काही त्याच्याच हातून माझी बाटली सांडली होती.

गुंगीसरांनी खडू उचलला. विषय होता, जुन्या राजवटींतली शेतसाऱ्याची वसुली. पहिल्या वाक्यातच पंखा हळू झाल्यासारखा वाटला. पाचव्या वाक्याला माझ्या पापण्या जड झाल्या. मग अधिकारीबाईंनी सगळ्यांना दिसेल अशी एक सराईत, लांबलचक जांभई दिली.

माझ्या घशातून जांभई वर यायला लागली. मी दिली आणि शेजारी बसलेल्या दादाने दिली नाही, की संपलंच. मी दात आवळले. नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण मी एकटीने दाबून काय होणार? मागच्या बाकावर भोंगा बसतो. त्याची जांभई मैदानापर्यंत ऐकू जाते, म्हणून तर तो भोंगा. मी धसका घेऊन मागे पाहिलं.

भोंग्याने खोडरबर दातांत धरलं होतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याच्या पलीकडची मुलगी स्वतःच्या दंडाला करकचून चिमटे घेत होती. पहिल्या बाकावरच्या दोघी ओठ आत ओढून छताकडे बघत होत्या. अख्खा वर्ग डोळ्यांतून पाणी गाळत होता आणि एकाचंही तोंड उघडत नव्हतं.

त्यांना माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं, आणि मी बावळटासारखी रोज त्याचे केस कानावर ओढत बसले होते.

अधिकारीबाईंनी आणखी दोन जांभया दिल्या. मग त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. "एकही नाही?" त्या पुटपुटल्या. "म्हणजे अख्खा वर्ग? मोठी गाडी मागवावी लागेल." त्यांनी फोन काढला.

"गाडी? कशाला?" गुंगीसर गर्रकन वळले. त्यांचा आवाज चढलेला आम्ही प्रथमच ऐकला. "आयुष्यभर शिकवतोय मी. आज पहिल्यांदा माझ्या तासाला कुणी जांभई दिली नाही. पोरांच्या डोळ्यांत पाणी आलंय, दिसत नाही तुम्हाला? आणि तुम्ही त्यांना मेलेली ठरवता?"

"लक्ष होतं म्हणताय?" अधिकारीबाई म्हणाल्या. "मग विचारा की काहीतरी."

सरांनी आशेने वर्गाकडे पाहिलं. "पीक बुडालं तर वसुलीचं काय करत? सांगा बरं कुणीही."

वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. जांभई दाबण्याच्या नादात कुणी अक्षर ऐकलं नव्हतं. भोंग्याने रबर गिळल्यासारखा आवंढा गिळला. अधिकारीबाईंचा अंगठा फोनवर टेकला.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक गार कोपर मला घासून गेलं. दादा उभा राहिला होता. नववीत नापास झालेला, प्रश्न आला की बाकाखाली पेन शोधणारा माझा दादा.

"सर, आधी पाहणी व्हायची," तो जबडा जपत, सावकाश म्हणाला. "पीक किती बुडालं त्यावर सूट ठरायची. सगळंच बुडालं तर त्या वर्षीची वसुली पुढच्या वर्षावर जायची. पण मधला कारकून ते कागदावर एक लिहायचा आणि गावात दुसरंच सांगायचा, असं तुम्ही म्हणालात."

दाबायला जांभईच नसल्यामुळे त्या तासाला ऐकणारा तो एकटाच होता. तो जराही न अडखळता बोलत राहिला. उत्तर इतकं लांबलं की शेवटी अधिकारीबाईंनाच जांभई आली, खरीखुरी, दाढा दिसेपर्यंत. त्यांनी घाईने तोंड मिटलं, 'वर्ग जिवंत' असा शेरा लिहिला आणि निघून गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी बाकाखाली दादाचा हात घट्ट धरला.

"कधीपासून माहीत आहे रे तुम्हाला?" मी मागे वळून कुजबुजले.

"फुटबॉल खेळताना त्याचा कान माझ्या खिशात आला होता," भोंगा म्हणाला. "मीच परत लावला. उलटा लागला होता आधी."

गुंगीसर चष्मा काढून डोळे पुसत होते. "मुलांनो," ते म्हणाले, "तुम्हाला इतकी गोडी लागली असेल याची मला कल्पनाच नव्हती. उद्यापासून शाळा सुटल्यावर एक जादा तास घेईन. रोज."

अख्ख्या वर्गाने कपाळाला हात लावला. मग माझ्या शेजारी एक हात वर झाला.

"सर," दादा मनापासून म्हणाला, "एक तास पुरेल का?"

अधिकारीबाई अजून जिन्यातच असतील, हाक मारली तर ऐकू जाईल, हे त्या क्षणी प्रत्येकाच्या मनात आलं. माझ्याही. भोंग्याने तर छाती भरून श्वास घेतला.

पण हाक कुणीच मारली नाही.