रापणकरांची वार्षिक सर्वसाधारण सभा

माझ्या लग्नाला माझ्या वडिलांनी जी अट घातली, तशी मालवणच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणा बापाने घातली असेल असं मला वाटत नाही. भर अंगणात, हातात जाळ्याची सुई धरून ते म्हणाले, ‘‘ह्या दत्तारामाच्या कंपनीचो पयलो वाटो माझ्या हातात पडूं दे. मगे चेडवाचो हात तेच्या हातात देतंय.’’

आता ह्याला काय म्हणायचं? लोक हुंडा मागतात, मानपान मागतात. आमच्या दाजींनी डिव्हिडंड मागितला!

वडिलांना सगळा गाव दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणायची. ते रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापण म्हणजे मोठं थोरलं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून चाळीसेक माणसांनी ओढायचे. मासळी वाळूवर आली की तिथेच वाटे पडतात. कायदा एकच, दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. बाई असो, म्हातारा असो, वाटसरू असो. मीसुद्धा पदर खोचून ओढायची आणि माझा वाटा टोपलीत घालून रुबाबात घरी यायची.

दत्ताराम आमच्याच वाडीतला. मुंबईत एका शेअर दलालाच्या पेढीवर काही वर्षं कारकुनी करून आला होता. १९६० साली शेजारच्या कट्टा गावाच्या रस्त्यावर बर्फाचा कारखाना निघायचा होता, त्या कंपनीत तो लागला. शेअर विकायचं कामही त्याच्याच गळ्यात. पांढरा शर्ट, खिशाला फाउंटन पेन. माझ्याकडे बघायला लागला की पेन बंद करायचं विसरायचा आणि खिशावर निळा डाग पडायचा. त्या डागांवरून त्याच्या आईलासुद्धा कळायचं की स्वारी आज आमच्या घरी गेली होती.

पहिल्या दिवशी तो आमच्या ओटीवर अर्जांचा गठ्ठा घेऊन बसला आणि मी दाराआड उभी राहिले.

‘‘दाजीनू, शेअर म्हणजे वाटो,’’ तो म्हणाला. ‘‘कंपनी ही एक रापणच समजा. येवढा जाळा एकट्याक झेपणा नाय, म्हणान सगळ्यांनी मिळान घेवचा. फायदो झालो तर सगळ्यांका वाटो.’’

‘‘आणि म्हावरा गावला नाय तर?’’

‘‘तर त्या वर्षाक वाटो नाय.’’

‘‘आणि होडीच बुडली तर?’’

मी मनात म्हटलं, आता हा गोड बोलणार. पण नाही. ‘‘तर घातलेले पैसे गेले,’’ तो म्हणाला. ‘‘पण जेवढे घातलात तेवढेच. तुमच्या घराची कौलां काढून नेवक कोण येवचो नाय.’’

दाजी खूश! मुंबईहून येणारा प्रत्येक जण सोन्याचा धूर दाखवतो, हा पहिलाच बुडण्याची गोष्ट सांगतोय, असं ते आईला रात्रभर सांगत होते. आई म्हणाली, ‘‘मगे घालूं नका.’’ दाजी म्हणाले, ‘‘म्हणानच घालतलंय.’’

मग रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर शाळा भरायला लागली. रापणीतले सगळे यायचे. दत्ताराम सांगायचा की चुलीचा आणि औषधपाण्याचा पैसा शेअरात घालायचा नाही. जो पैसा चार वर्षं दिसला नाही तरी झोप लागेल, तोच घालायचा. सगळा एका कंपनीत घालायचा नाही. दुसऱ्याने घेतला म्हणून आपण घ्यायचा नाही. कंपनी करते काय, चालवतो कोण, हिशेब दाखवते का, हे आधी विचारायचं. दाजी प्रत्येक गोष्ट रापणीच्या भाषेत फिरवून घ्यायचे आणि मान डोलवायचे. बाबली नावाचा आमचा सगळ्यांत उतावळा गडी दर वेळी एकच विचारायचा, ‘‘पैसे दुप्पट कधी जातत?’’ आणि दत्ताराम दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगायचा, ‘‘जातीत की नाय ताच माका म्हायत नाय.’’

त्याच्या त्या ‘म्हायत नाय’वर मी भाळले. खरं सांगते. आमच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

दाजींनी शेवटी रापणीच्या सामाईक पेटीतला पैसा काढायचं ठरवलं. नवा दोर आधीच घेऊन झाला होता, वर उरलेली शिल्लक होती. दत्तारामने शहाणपणा सांगितला, ‘‘सगळे शेअर तुमच्या एकट्याच्या नावार घेवा. एक अर्ज, एक कागद.’’

दाजी ताडकन उठले. ‘‘दोर चाळीस जणांनी ओढूचो आणि वाटो दाजीच्या नावार? पाप लागात माका!’’

झालं. दर माणशी एक शेअर, प्रत्येकाचा वेगळा अर्ज. दहा रुपयांच्या एका शेअरसाठी आख्खं बाड लिहायचं, अंगठे घ्यायचे, साक्षीदार शोधायचे. दत्तारामची बोटं निळी झाली. एका अर्जावर माझं नाव होतं, सीता दाजी तांडेल. तो लिहिताना त्याने इतकं वळणदार अक्षर काढलं की कंपनीच्या साहेबाने विचारलं, ही कोण मोठी गुंतवणूकदार?

कारखाना सुरू झाला त्या सकाळी अजून मजा. आमचे रापणकर पहाटेच लंगोट कसून फाटकात हजर. व्यवस्थापक घाबरला, त्याला वाटलं संप आहे. बाबली म्हणाला, ‘‘आमी शेअरवाले. काय ओढूचा आसा ता दाखवा.’’ साहेबाने शुद्ध मराठीत समजावलं की शेअरहोल्डरांनी काम करायचं नसतं, नफा झाला तर घरबसल्या मिळतो. हे ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली. हात न लावता वाटा घ्यायचा म्हणजे चोरीच की! त्यांनी काही ऐकलं नाही, बर्फाच्या लाद्या खांद्यावर मारून गाडीत भरूनच दिल्या आणि गारठून कुडकुडत घरी आले. दाजी दोन दिवस शिंकत होते.

त्याच शिंकांमध्ये दत्तारामने मला मागणी घातली आणि त्याच शिंकांमध्ये दाजींनी ती अट घातली. मुलगा त्यांना पसंत होता. पण त्याचा धंदा कागदाचा, आणि कागदावर त्यांचा अजून पूर्ण विश्वास बसला नव्हता. ‘‘वाटो मेळलो तर कागद खरो. कागद खरो तर झील खरो,’’ असा त्यांचा हिशेब.

आता मला सांगा, बर्फ गोठायला एक दिवस पुरतो. कंपनीचा नफा व्हायला वर्ष लागतं, आणि मी कुणी समंजस मुलगी नव्हते. ते आख्खं वर्ष मी बर्फाच्या गाड्या मोजल्या. कारखान्याचं यंत्र बंद पडलं की माझं जेवण जायचं. कट्ट्याच्या बाजारात कुणी थंड सरबत पितं आहे असं दिसलं की मला वाटायचं, पी बाबा, अजून एक पी! मध्येच एक व्यापारी वाडीत आला आणि दहाचा शेअर आठला मागायला लागला. बाबली विकायला निघाला. दाजींनी त्याला थांबवलं, ‘‘आज बांगड्याक भाव नाय म्हणान कोण होडी विकता काय रे?’’ मी दाराआडून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

वर्ष संपलं. नफा झाला! संचालकांनी डिव्हिडंडची शिफारस केली आणि सभेची नोटीस घरोघर आली. शेवटचा शिक्का सभेत बसायचा, एवढंच बाकी. आईने माझ्यासाठी हिरव्या साडीची चौकशीसुद्धा सुरू केली.

सभा मालवणला एका शाळेत होती. आम्ही सगळे चालत गेलो, धुतलेल्या टोप्या आणि तेल लावलेली डोकी. मोठे शेअरवाले मुंबईत, ते कुठले येतायत? बाकांवर बहुतेक आमचीच माणसं. दत्ताराम समोर अध्यक्षांच्या बाजूला नोंदी करायला बसला होता. त्याच्याही नावावर एक शेअर होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पेन गळलं.

हिशेब वाचले, मंजूर झाले. मग आला डिव्हिडंडचा ठराव. तेवढ्यात कट्ट्याचे हरिश्चंद्र शेट उभे राहिले. भला माणूस, पण त्या क्षणी मला त्यांची शेंडी उपटावीशी वाटली. ते म्हणाले, ‘‘अध्यक्ष महाराज, माझी उपसूचना आहे. यंदा डिव्हिडंड देऊ नये. तो पैसा दुसऱ्या यंत्रासाठी राखावा.’’

सभेत कुजबुज झाली. दाजी सावकाश उठले. ‘‘ह्या दुसरा यंत्र इला तर आमच्या म्हावऱ्याक बर्फ पुरतलो?’’ हंगामात बर्फ अपुरा पडत होता आणि आमची निम्मी मासळी मातीमोल जात होती, हे खरंच होतं. शेट काही बोलणार, एवढ्यात दाजी वळले. ‘‘तुमी नको. दत्ताराम, तू सांग.’’

मी दत्तारामकडे असे डोळे वटारले की शाळेच्या खिडक्या तडकायला हव्या होत्या. नाही म्हण. अरे, नाही म्हण! एक शब्द, आणि पुढच्या महिन्यात अक्षता.

तो उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम, खिशावर शाई. ‘‘दाजीनू, बर्फ दुप्पट मेळतलो,’’ तो म्हणाला. ‘‘पण यंदा वाटो मेळाचो नाय. आणि पुढच्या वर्षाक मेळतलोच, असो शब्द माका देवक येवचो नाय.’’

‘‘मगे तू काय करशीत?’’

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, भित्रा कुठला. म्हणाला, ‘‘मी यंत्र घेईन.’’

दाजी आपल्या माणसांकडे वळले. ‘‘गाववाल्यांनू, दोर कुजलो असताना तो ओढून म्हावरा खाऊचा, की आधी दोर घेवचो?’’ चाळीस तोंडांतून एकदम आलं, ‘‘दोर!’’ अध्यक्षांनी विचारलं, उपसूचनेच्या बाजूने कोण? आणि बघता बघता हातांचं रान उठलं. दाजींचा हात, बाबलीचा हात. आणि दत्तारामचा हात! ज्या बोटांनी माझं नाव वळणदार लिहिलं, तीच निळी बोटं माझ्या लग्नाच्या विरोधात छताकडे!

माझं डोकं सणकलं. मी संतापले होते आणि मला रडूही येत होतं.

‘‘विरोधात?’’ अध्यक्ष कागद आवरत म्हणाले. कुणी असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मी हात वर केला. बांगड्या खळखळल्या आणि आख्खी सभा मागे वळून बघायला लागली.

‘‘एक मत विरोधात,’’ अध्यक्ष म्हणाले. मग चष्म्यावरून बघत त्यांनी कौतुकाने विचारलं, ‘‘बाई, आपल्याला डिव्हिडंड का हवा, ते सभेला सांगाल का?’’

‘‘सांगतंय की!’’ मी उभी राहिले. ‘‘माका लगीन करूचा आसा!’’

आधी बाबली हसला, आणि मग जो हशा उसळला तो थांबेना. हरिश्चंद्र शेट बाकावर वाकले. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. आमच्या माणसांनी त्यांना अटीची सगळी हकीकत एकाच वेळी सांगायला सुरुवात केली, त्यामुळे त्यांना काहीच कळेना. एकटे दाजी हसत नव्हते. ते दत्तारामच्या टेबलापाशी गेले.

‘‘तुका म्हायत होता मां, वाटो नाय तर लगीन नाय?’’

‘‘व्हय.’’

‘‘तरी हात वर केलंस?’’

‘‘तुमी खरा काय ता इचारलात,’’ दत्ताराम पुटपुटला. ‘‘मगे काय सांगूचा?’’

माझ्या बापाचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग ते सभेकडे वळले आणि रापणीवर ओरडतात तसे ओरडले, ‘‘स्वतःचा नुसकान करून जो खरा सांगता, तेका चेडू देवचा नाय तर कोणाक देवचा? अध्यक्षानू, माझो पण एक ठराव आसा. सीतेचा आणि दत्तारामाचा लगीन ह्या वर्षाक. बाजूच्यांनी हात वर करा!’’

अध्यक्ष म्हणाले की हा विषय नोटिशीत नाही. पण त्यांचं ऐकतो कोण? हात उठले. शेटचा उठला, शिपायाचा उठला, आणि शेवटी अध्यक्षांनीही हळूच आपला उचलला.

मी मात्र हात मांडीवर ठेवून बसले. माझ्याविरुद्ध मत देतोस काय? बस थोडा वेळ तापत! सगळे माझ्याकडे बघायला लागले. दत्तारामचा चेहरा बर्फाच्या लादीसारखा पांढरा पडला. तो बिचारा नुसता माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्याकडे बघता बघता माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

मी हात वर केला. मग दुसराही केला.

‘‘बाई,’’ अध्यक्ष हसू दाबत म्हणाले, ‘‘एका सभासदाला एकच हात.’’

‘‘एक माझो,’’ मी म्हटलं, ‘‘आणि दुसरो तेचो. बघा मां, घाबरान तेणी अजून वर करूक नाय!’’